न्हा ट्रांगहून दालातला बाईकने, मुलांना घेऊन

प्रश्न: ताई, आम्ही चौघं, मी, मिसेस, मुलगी १३ आणि मुलगा ९, डिसेंबरच्या सुट्टीत व्हिएतनामला जातोय. न्हा ट्रांगच्या बीचवरून दोन स्कूटर भाड्याने घेऊन दालातच्या डोंगरात जायचं डोक्यात आहे. आम्ही दोघंही घाटात चालवतो, आरटीओतून इंटरनॅशनल परमिटही काढलंय, आणि तिकडे लायसन कोणी बघत नाही असं ऐकलंय. जमेल ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: दादा, जा, नक्की जा, पण हँडल स्वतःच्या हातात घेऊ नका. आपलं परमिट निघतं रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारावर आणि व्हिएतनाम मानतं १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं, त्यामुळे तुमच्याकडचा कागद तिथे चालत नाही. दुकानदार लायसन न बघता चावी देईल हो, पण उद्या मुलगी पडली, हाड मोडलं, तर विनालायसन चालवत होता म्हणून इन्शुरन्सवाले हात वर करतात आणि हॉस्पिटलचं बिल तुमच्या खिशातून जातं. शिवाय तिकडे गाडी उजव्या बाजूने चालवायची, वळणावर समोरून ट्रक आला की आपला हात सवयीने डावीकडेच वळतो.

आम्ही काय केलं सांगते. दालातमध्ये ‘ईझी रायडर’ म्हणून बाईकवाले गाईड असतात, तेच चालवतात, आपण मागे बसायचं. आम्ही तिघं तीन बाईकवर, आणि धाकट्याचे पाय फूटरेस्टला टेकेनात म्हणून तो आजीबरोबर गाडीत, सामानासकट. मला वाटलं होतं मागे बसून काय मजा, पण उलट झालं, मला बघायला डोळे मोकळे मिळाले! तुमच्या मुलाचेही पाय आधी टेकवून बघा, आणि लहान मापाचं हेल्मेट इथूनच न्या, तिकडे भाड्याच्या गाडीबरोबर मिळतं ते पातळ टोपीसारखं असतं.

अंतर साधारण १३५ किलोमीटर, पण त्यात खान ले घाट एकटाच ३३ किलोमीटरचा, त्यामुळे थांबत थांबत अख्खा दिवस धरा. खाली घामाने शर्ट चिकटलेला असतो आणि वर पोचेस्तोवर दात वाजतात, दालात १,५०० मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच, तेव्हा स्वेटर बॅगेच्या तळाशी नको, वरच ठेवा. मध्येच ढग रस्त्यावर उतरले तेव्हा आमच्या ड्रायव्हरने एक रेनकोट काढला, त्याला दोन डोकी घालायला दोन भोकं आणि पुढे हेडलाईटसमोर पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन, म्हणजे लाईट झाकला जाऊ नये. माझी लेक त्याच्या मागून डोकं काढून हसत होती, तो चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. वर गेल्यावर पाईनची झाडं, भाजी-फुलांची प्लॅस्टिकची ग्रीनहाऊसं आणि कॉफीचे मळे.

निघायच्या आधी न्हा ट्रांगमध्ये अर्धा दिवस ठेवा. पो नगरची, चाम या तिथल्या जुन्या लोकांची हिंदू मंदिरं आहेत, आठव्या शतकापासूनची, तिथे संस्कृत शिलालेख आहेत, मुलांना आवर्जून दाखवा. आणि येरसिनचं म्युझियम. हा डॉक्टर १८९३ मध्ये दालातच्या पठारावर पोचला, पुढच्या वर्षी हाँगकाँगमध्ये त्याने प्लेगचा जंतू शोधला, आणि १८९७ मध्ये आपल्या मुंबईत प्लेग पेटलेला असताना प्लेगवरचं सीरम (उपचाराचं इंजेक्शन) घेऊन इथे आला होता. ज्या डोंगरात आपण फिरायला जातो तिथला माणूस आपल्या आजोबा-पणजोबांच्या मुंबईत येऊन गेलाय, मला तर हे वाचून भरून आलं.

शाकाहारी असाल तर ‘चाय’ (Chay) लिहिलेली पाटी शोधा, म्हणजे शाकाहारी, नाहीतर साध्या भाजीतही फिश सॉस असतो.

आता डिसेंबरचं. न्हा ट्रांगच्या बाजूला सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस, आणि ह्याच घाटात दरडी कोसळतात. सुट्टी हलवता आली तर मार्च-एप्रिल बघा, जानेवारी-फेब्रुवारीत तेतचा म्हणजे त्यांच्या नववर्षाचा आठवडा टाळा, ड्रायव्हर गावी गेलेले असतात. डिसेंबरच पक्का असेल तर दोन दिवस हाताशी जास्तीचे ठेवा, आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरला घाट चालू आहे का विचारा आणि तो नको म्हणाला तर मुकाट्याने थांबा.