पाना ठेवा, आधी टेप काढा

आंबिया बहाराची संत्री तोडीला आली की नागपूरच्या कळमना बाजाराच्या रस्त्यावर पिकअपची रांग लागते आणि माझ्याकडे एकच प्रश्न येतो: गाडी पुढून बसली, बोल्ट किती फिरवू? म्हणून या वेळची सगळी उत्तरं टॉर्शन बारवर. ज्यांच्या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग आहे त्यांनी इथेच थांबावं, हे त्यांच्यासाठी नाही.

टॉर्शन बार म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचा लांब, सरळ दांडा. एक टोक चाकाच्या कंट्रोल आर्ममध्ये (चाकाला चेसिसशी जोडणारा, वर-खाली हलणारा हात), दुसरं मागे चेसिसच्या आडव्या पट्टीजवळ अँकर आर्ममध्ये. चाक वर गेलं की दांड्याला पीळ बसतो, आणि त्या पिळावर गाडी तोललेली असते. अँकर आर्मखालचा बोल्ट फक्त उंची ठरवतो. जुन्या अ‍ॅम्बेसेडरला पुढे हेच होतं, टवेरालाही.

प्रश्न : पिकअप डावीकडे पुढून अडीच सेंटीमीटर बसला आहे. मिस्त्री म्हणतो, डाव्या बोल्टला चार फेरे द्या, सरळ होईल. देऊ का? (काटोल)

नका देऊ. आधी सांगा, अडीच सेंटीमीटर मोजलं कुठून? मडगार्डच्या कडेपासूनच ना? मडगार्ड एकदा ठोकून सरळ केलेलं असलं की तो आकडा गेला. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मोजायच्या जागा दिलेल्या असतात. बहुतेक गाड्यांत खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टचा मध्य आणि बाहेरचा बॉल जॉइंट (आर्मला चाकाशी जोडणारा गोळ्याचा सांधा) यांच्या उंचीतला फरक घेतात.

मोजायची जागा सपाट हवी. गॅरेजसमोरचा उतार चालत नाही, आणि आपल्या सिमेंट रोडची कडही नाही. गाडी रिकामी हवी. मागे चार क्रेट, जॅक आणि ताडपत्री ठेवून घेतलेलं माप माप नव्हे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. मे महिन्यात पारा ४५वर असताना वाडीहून तापून आलेल्या टायरची हवा भरपूरच दिसणार. मग पुढचा बंपर तीन-चारदा दाबून सोडा, गाडी आपोआप थिरावू द्या, आणि टेप लावा. दोन्ही बाजूंना.

इतकं बोलतो आहे कारण गेल्या हंगामात अशीच एक गाडी पिटावर आली होती. डावीकडे पुढून बसते म्हणून कुणीतरी डावा बोल्ट इतका आवळला होता की आटे संपत आले होते. खाली शिरून मागे टॉर्च मारला, तर डाव्या कमानीचा (लीफ स्प्रिंगचा) मुख्य पाटा तुटलेला, आणि तुटलेल्या जागी गंज चढलेला, म्हणजे जुनं दुखणं. मागचा कोपरा बसल्यामुळे पुढचाही बसत होता. नवा पाटा टाकला आणि डावी बाजू उंटासारखी वर! मग पुढचा बोल्ट सैल करा, उंची पुन्हा लावा, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) पुन्हा करा. चार फेऱ्यांचं बिल तीनदा भरलं.

मोजून बार खरोखरच बसला आहे असं ठरलं, तरी गाडीचं वजन चाकांवर असताना बोल्ट फिरवायचा नाही. चाकं अधांतरी घ्या, चेसिसखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर कुणी गाडीखाली शिरू नये. एका बाजूला फिरवलं की दुसरी बाजूही थोडी हलते, म्हणून दर वेळी दोन्हीकडे मोजा. थोडी चालवून पुन्हा मोजा. बार काढायचा असेल तर त्याचं खास टूल असलेल्याकडेच जा. त्या पिळात साठलेला जोर हात मोडू शकतो.

प्रश्न : बोल्ट आवळला की बार कडक होतो आणि जास्त माल वाहता येतो, हे खरं का? (नरखेड)

खोटं. बारचा कडकपणा त्याची जाडी, लांबी आणि पोलाद ठरवतात. गाडी कडक भासते कारण आर्मला खाली जायला जागा उरत नाही आणि तो रबरावर आदळतो. किती माल भरायचा ते आरसीवर लिहिलेलं आहे.

प्रश्न : डावा बार उजवीकडे टाकला तर चालेल?

नाही. बार बनवतानाच ठरलेल्या दिशेने पिळून बसवलेला असतो. टोकावरची खूण पाहा.

प्रश्न : बारवर ग्राइंडरची चीर पडली आहे, वेल्डिंग करून घेऊ का? (बुटीबोरी)

वेल्डिंग, तापवणं, काहीही नाही. त्याच चिरेतून बार एक दिवस तुटेल. बदला.

प्रश्न : टायर घेतले तेव्हा अलाइनमेंट फुकट मिळाली. आता दुकानदार म्हणतो कॅम्बर (चाकाचा उभा कल) आउट आहे, तो सुधारायचं किट टाका. (वाडी)

उंची कुणी मोजली होती? उंची बदलली की कॅम्बर बदलतो, स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बदलून टोही (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असणं) बदलते. उंची चुकलेली असताना केलेली अलाइनमेंट म्हणजे वाळूवर काढलेली रेघ. आधी टायरची हवा, मग बॉल जॉइंट आणि बुश (आर्मच्या सांध्यातली रबरं), मग उंची, अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. उंची बरोबर करूनही कॅम्बर मर्यादेबाहेर राहिला तर शिम (कोन बदलायला घालायची पातळ पट्टी) किंवा किटचं बोला. आणि आधीची-नंतरची दोन्ही प्रिंट मागा. प्रिंट द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून किट घेऊ नका. दुसऱ्या ठिकाणी दाखवा.

प्रश्न : फोर-बाय-फोर आहे, ताडोब्याकडे जातो. पुढून दोन इंच उचलायची आहे.

माझ्याकडे आणू नका. पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, त्याचे रबरी बूट फाटतात, आणि हेडलाइट थेट समोरच्याच्या डोळ्यांत. उचलायचीच असेल तर कंपनीच्या मर्यादेत, सर्व्हिस सेंटरला विचारून. लाइटही त्याच दिवशी लावून घ्या.

प्रश्न : बोल्ट फिरवल्यापासून डावा टायर आतून झिजतो. चार महिन्यांपासून खड्ड्यात टक-टक आवाजही येतो. हंगाम संपला की दाखवतो, चालेल ना? (कळमेश्वर)

चार महिने! टायरची झीज कळली, पण हा आवाज खालच्या बॉल जॉइंटचा असू शकतो, आणि तो निसटला तर भरल्या गाडीचं चाक बाहेर दुमडतं. आजच दाखवा, आणि तोवर संत्री दुसऱ्याच्या गाडीत भरा.