‘मंत्रिमंडळाने मंजूर केले’ म्हणजे कायदा झाला का?

अधिवेशन संपले की आमच्याकडे पत्रांचा पाऊस पडतो. या खेपेच्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकच वाक्य आहे : ‘नवीन कायदा आला आहे म्हणे.’ हे ‘म्हणे’ कोण म्हणाले ते मात्र कोणी लिहीत नाही. कोणाचा मेहुणा म्हणाला, कोणाचा एजंट, तर कोणाच्या मोबाइलवर हिरव्या पिवळ्या अक्षरांतले चित्र आले. तेव्हा यातले नेमके प्रश्न घेतो. ज्यांचे उत्तर इथे आले नाही, त्यांनी मजकूर पुरा वाचावा, बहुधा दुसऱ्याच्या उत्तरात सापडेल.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. मी, मुलगा आणि दोन गडी. एक एजंट सांगतो, नव्या कायद्याने गुमास्ता परवाना नव्याने काढावा लागेल, नाहीतर दुकानाला सील लागेल. चार हजार मागतो. द्यावेत का? (एक दुकानदार, सांगली)

देऊ नका.

दुकानांसाठीचा राज्याचा कायदा २०१७ चा आहे आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून तो लागू आहे. त्यात नोंदणीची सक्ती ठेवली ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्यांना. त्याखालच्यांनी फक्त सूचना द्यायची, तीही ऑनलाइन, किरकोळ शुल्कात. तिची पावती मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही सीमा दहावरून वीसवर न्यायचे ठरवले, म्हणजे बदल लहान दुकानदाराच्या सोयीचा. तोच बदल तुम्हाला बागुलबुवा म्हणून दाखवला जातोय. दोन गड्यांच्या दुकानाला आधीही नोंदणी लागत नव्हती, आताही लागत नाही. या कायद्याने इन्स्पेक्टरचे नावसुद्धा बदलून ‘सुविधाकार’ केले आहे. ते नाव कितपत सार्थ आहे हा वेगळा विषय, पण शंका असेल तर एजंटाऐवजी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन त्यांनाच विचारा. किराणा मालासाठीची अन्नपदार्थांची नोंदणी वेगळी असते. ती घेतली नसेल तर मात्र लगेच घ्या.

प्रश्न : अध्यादेश आणि विधेयक यांत फरक काय? (एक विद्यार्थिनी, लातूर)

अध्यादेश म्हणजे अधिवेशन नसताना राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा, विधेयक म्हणजे सभागृहापुढे ठेवलेला कायद्याचा मसुदा. अध्यादेश आज लागू असतो, विधेयक नसते. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर अध्यादेश आपोआप संपतो.

प्रश्न : विधान परिषदेने विधेयक नाकारले तर ते मेले का? (तीच विद्यार्थिनी)

नाही. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी पैशाबाबतचे विधेयक, परिषद जास्तीत जास्त चौदा दिवस अडवू शकते. बाकीची विधेयके पहिल्या खेपेला तीन महिने आणि विधानसभेने दुसऱ्यांदा मंजूर केल्यावर एक महिना. शेवटी विधानसभेचेच चालते. परीक्षेसाठी विचारत असाल तर अनुच्छेद १९७ आणि १९८ मुळातून वाचा, गाइडमधून नको.

प्रश्न : हमीभावापेक्षा कमी दराने सोयाबीन घेणाऱ्या व्यापाऱ्याला तीन वर्षे कैद आणि पाच लाख दंड, असा कायदा राज्याने केला आहे. सोबत चित्र पाठवतो. मी मागच्या आठवड्यात हमीभावाच्या आठशे रुपये खाली माल दिला. पोलिसांत तक्रार करू का? (एक शेतकरी, वाशीम)

तुमचे चित्र मी ओळखतो. माझ्याकडे ते चौथ्यांदा आले आहे.

त्यातला मजकूर खोटा नाही, म्हणूनच तो धोकादायक आहे. केंद्राच्या तीन कृषी कायद्यांना उत्तर म्हणून जुलै २०२१ च्या दोन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारने तीन विधेयके मांडली. शेतकऱ्याची छळवणूक केल्यास तीन वर्षे कैद आणि पाच लाख दंड ही तरतूद त्यांत होती. विधेयके मंजुरीसाठी न रेटता लोकांच्या सूचनांसाठी दोन महिने खुली ठेवली गेली. दरम्यान, केंद्राने स्वतःचेच कायदे मागे घेतले आणि डिसेंबर २०२१ मध्ये राज्याने ही विधेयकेही मागे घेतली. म्हणजे ज्या कलमाच्या जोरावर तुम्ही ठाण्यात जाणार आहात, ते कलम एक दिवसही कायदा नव्हते. ठाणे अंमलदार तुम्हाला परत पाठवील आणि तुम्ही म्हणाल, यंत्रणा व्यापाऱ्यांना सामील आहे.

आता थोडे सविस्तर बोलतो, कारण माझ्या जिवाला सगळ्यात जास्त घोर याच गोष्टीचा आहे. वकिलीत येण्याआधी मी काही वर्षे मंत्रालयात मसुदे तपासण्याच्या कामावर होतो. तिथे पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी एक सवय लावली : कागद हातात आला की मजकूर नंतर वाचायचा, आधी तो कोणत्या पायरीवरचा आहे ते बघायचे. विभागाचा प्रस्ताव, मंत्रिमंडळाचा निर्णय, विधी व न्याय विभागाने तपासलेला मसुदा, सभागृहात मांडलेले विधेयक, दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले विधेयक, राज्यपालांची संमती, काही बाबतीत राष्ट्रपतींची संमती, राजपत्रातली प्रसिद्धी, अंमलाची तारीख, आणि सगळ्यात शेवटी नियम. यांतल्या प्रत्येक पायरीवर वर्तमानपत्रात मथळा एकच येतो : ‘सरकारचा मोठा निर्णय’.

आणि प्रत्येक पायरीवर माणूस अडकलेला मी पाहिला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये हमीभावाखाली खरेदी करणाऱ्याला एक वर्ष कैद आणि पन्नास हजार दंड करण्याची बातमी आली. ती मंत्रिमंडळाच्या पायरीवरची होती. तेवढ्यावरच ठिकठिकाणच्या बाजार समित्यांत व्यापाऱ्यांनी खरेदी बंद केली. कायदा झालाच नाही, पण त्या दिवसांत माल घरात ठेवायला जागा नसलेल्या शेतकऱ्याचे नुकसान खरेखुरे झाले. महिलांवरील अत्याचारांविरुद्धचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. केंद्रीय कायद्याशी संबंध येत असल्यामुळे ते राष्ट्रपतींकडे गेले आणि तिथेच थांबले. मंजुरीनंतरही कायदा नाही. उलट केंद्राचे कृषी कायदे २०२० मध्ये रीतसर कायदे झाले होते, राजपत्रात छापून आले होते. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. कायदा आहे, पण चालत नाही. आणि ज्याचा आपल्याला योग्य अभिमान आहे तो रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल मात्र २६ जानेवारी १९७९ पासून. बहुतेक अधिनियमांच्या पहिल्याच कलमात एक साधे वाक्य असते : ‘राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नेमून देईल अशा दिनांकास तो अंमलात येईल.’ हे वाक्य कोणी वाचत नाही. तुमच्या चित्रात तर पहिले कलमच कापलेले आहे, बघा.

कोणी मुद्दाम कापले का? कल्पना नाही. पण चित्राच्या खाली ‘तक्रार अर्ज भरून मिळेल’ असा मोबाइल नंबर आहे, तो पाहून माझे मत बनले आहे.

आता तुमच्या मालाचे. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. हिशोबपट्टी आणि काटापट्टी जपून ठेवा. ओलावा किती धरला ते पट्टीवर लिहिले आहे का पाहा, कारण कमी दराचे समर्थन तिथूनच होते. वजनात किंवा कपातीत गडबड असेल तर बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या आणि एक प्रत तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे द्या. पोच घ्या. घरात अजून माल असेल तर सरकारी खरेदी केंद्रावरच्या नोंदणीची मुदत उद्याच विचारा. दरवर्षी लोक शेवटच्या दोन दिवसांत जातात आणि मग सर्व्हरला शिव्या देतात. फौजदारी तक्रारीचा विचार असेलच, तर कागद घेऊन आधी वकिलाला भेटा.

(ता. क. नाशिकहून हाच प्रश्न कांद्याबद्दल आला आहे. कांद्याला हमीभाव जाहीरच होत नाही. प्रश्न तिथेच संपतो.)

प्रश्न : कर्जमाफीचे विधेयक येणार असे सगळे म्हणतात. पीककर्जाचा हप्ता थांबवू का? (एक शेतकरी, धाराशिव)

थांबवू नका. कर्जमाफीला विधेयक नसते. मंत्रिमंडळाचा निर्णय होतो, शासन निर्णय निघतो आणि पैशाची सोय अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत होते. त्या शासन निर्णयात एक तारीख असते आणि ती नेहमी मागची असते. २०१७ च्या योजनेत ३० जून २०१६ रोजीची थकबाकी पाहिली, मर्यादा दीड लाख. २०१९ च्या योजनेत ३० सप्टेंबर २०१९ ची थकबाकी, मर्यादा दोन लाख. बातमी ऐकून थकबाकीदार झालेला माणूस त्या तारखेच्या अलीकडे, म्हणजे योजनेबाहेर पडतो. उलट मुदतीत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज लागत नाही, ती सवलत तुम्ही आपल्या हाताने घालवाल. २०१९ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांसाठीही ५० हजारांपर्यंतचे प्रोत्साहन ठेवले होते, हे कोणी सांगत नाही. पैशाची खरोखर अडचण असेल तर शाखाधिकाऱ्याला भेटून पुनर्गठनाचे विचारा. अर्ज लेखी द्या.

प्रश्न : माझा पगार बावीस हजार. महिलांना व्यवसाय कर माफ झाला असे अर्थसंकल्पात ऐकले होते, तरी दरमहा दोनशे कापतात. (एक कर्मचारी, ठाणे)

तुमचे बरोबर आहे, कपात चूक आहे. ९ मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पीय भाषणातली ही घोषणा होती. पण नुसत्या भाषणाने कर माफ होत नाही. त्यासाठी १९७५ च्या व्यवसाय कर कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही. आस्थापना विभागाला लेखी विचारा. कापलेली रक्कम सरकारकडे भरली की नाही, हाही प्रश्न त्याच पत्रात घाला. उत्तर चटकन येते असा माझा अनुभव आहे. मागील वर्षांच्या परताव्यासाठी कर सल्लागाराला पगारपत्रके दाखवा.

प्रश्न : ‘आरोग्य हक्क कायद्या’मुळे बिल भरले नाही तरी रुग्णालय रुग्णाला अडवू शकत नाही, खरे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर बरोबर, कारण चूक. तुम्ही म्हणता तो कायदा राजस्थानचा आहे, २०२३ चा. आरोग्य हा राज्यसूचीतला विषय, त्यामुळे राजस्थानचा कायदा राजस्थानात. आपल्याकडे खासगी रुग्णालयांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागतो आणि त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले आहेत. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे त्यांत बंधनकारक आहे, आणि मृतदेह ताब्यात देण्यासाठी बिलाची अट घालता येत नाही. बिलासाठी रुग्णाला कोंडून ठेवणे बेकायदेशीर आहे, हे मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले आहे. मात्र बिल माफ होत नाही. ते देणे राहते आणि रुग्णालय दिवाणी मार्गाने वसूल करू शकते. तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करावी. जाताना तपशीलवार बिल मागून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजना हाही कायदा नाही, योजना आहे. त्यामुळे रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमचा उपचार यादीत आहे का, हे भरती होतानाच आरोग्यमित्राला विचारा, घरी सोडायच्या दिवशी नव्हे.

प्रश्न : तुकडेबंदी उठली आहे. आता गुंठा घ्यायला हरकत नाही ना? विसार देऊन ठेवला आहे. (एक वाचक, पुणे जिल्हा)

हरकत आहे. तुकडेबंदी म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडून जमीन विकायला असलेली बंदी. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत जी घोषणा झाली ती जुन्या, ठरावीक तारखेआधीच्या तुकड्यांना नियमित करण्याची होती. आज नवा तुकडा पाडून विकायची मुभा तिच्यात नव्हती. प्लॉटिंगवाल्यांच्या फलकावर फक्त ‘तुकडेबंदी रद्द’ एवढेच असते. विसार पावती, सातबारा आणि झोन दाखला घेऊन पुढचा हप्ता देण्याआधी वकिलाकडे जा. त्या फलकाचा फोटोही काढून ठेवा.

प्रश्न : वडिलांनी सावकाराकडून शेकडा तीन रुपयांनी पैसे घेतले आणि तारण म्हणून दोन एकरांचे खरेदीखत करून दिले. सावकारांविरुद्ध नवा कायदा येणार असे वाचले. तो येईपर्यंत थांबावे का? (एक वाचक, बीड)

कशासाठी थांबता? कायदा २०१४ पासून आहे. महिना शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला नऊ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. कर्जापोटी खरेदीखत करून लाटलेली जमीन परत देण्याचा अधिकार त्या कायद्याच्या कलम १८ ने जिल्हा निबंधकांना दिला आहे. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयातही देता येतो. पैसे दिल्याघेतल्याच्या चिठ्ठ्या, बँकेच्या नोंदी, जमीन अजून तुम्हीच कसत असाल तर त्याचे पुरावे, व्यवहार माहीत असलेले शेजारी, सगळे जमवा. चौकशीत सारे यावरच ठरते की खत विक्रीचे होते की तारणाचे. अर्ज वकिलाकडून तपासून घ्या.

पण एक अट आहे : खत अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतले असावे लागते. तुम्ही चार पाने पत्र लिहिलेत, आणि खरेदीखताची तारीख त्यात कुठेच नाही. ती आधी बघा.