शाबासकीची वाट किती बघायची?

प्रश्न : अहवाल मी तयार करते आणि साहेब बैठकीत तो स्वतःचा म्हणून मांडतात. तक्रार करू का?

लगेच नको. आधी सांगा, फाइल पाठवताना तुम्ही काय लिहिता? ‘सर, फाइल जोडली आहे’ एवढंच? मग तुमच्या नावाचा माग कुठेच उरत नाही. पहिल्या नोकरीत मी दीड वर्ष असंच करत होते. एकदा आकडा चुकला, तेव्हा मात्र फाइल कुणाची होती हे सगळ्यांना बरोबर आठवलं!

पुढच्या वेळी लिहा : ‘तिन्ही विभागांचे आकडे मी पडताळले. दुसऱ्या तक्त्यात तफावत होती, ती दुरुस्त केली. त्यावर प्रश्न आले तर उत्तरं द्यायला बैठकीला येऊ का?’ खरी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. साहेबांना ती मदतच वाटेल. आणि खोलातल्या प्रश्नाला जी उत्तर देते, काम तिनं केलंय हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही, तर साहेबांना एकटं गाठून सांगा, ‘अहवालावर माझंही नाव असावं.’ आवाज न चढवता, पण ‘सॉरी’नं सुरुवात न करता.

प्रश्न : मी मांडलेल्या मुद्द्याकडे कुणी लक्ष देत नाही. दहा मिनिटांनी एखादा सहकारी तेच बोलला की सगळे माना डोलावतात.

हे दुखणं जुनं आहे. १९६७ साली पल्सारचा, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरी धाडणाऱ्या ताऱ्याचा, संकेत पहिल्यांदा हेरला तो जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीनं. १९७४ चं नोबेल मिळालं तिच्या मार्गदर्शकांना आणि आणखी एका शास्त्रज्ञाला. शास्त्रज्ञ स्त्रियांचं श्रेय असं पुरुषांच्या पदरात पडण्याला इतिहासकार मार्गारेट रॉसिटर यांनी १९९३ मध्ये ‘मटिल्डा इफेक्ट’ असं नाव दिलं.

इलाज एकटीनं करण्यासारखा नाही. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या महिला अधिकाऱ्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं : एकीनं मुद्दा मांडला की दुसरीनं तो तिच्या नावासकट पुन्हा सांगायचा. तुम्हीही अशी एक मैत्रीण शोधा. पुरुष सहकारी तयार असेल तर उत्तमच.

प्रश्न : बैठकीची टिपणं, निरोपसमारंभ, नव्या लोकांना शिकवणं, सगळं माझ्याच गळ्यात. नाही म्हटलं तर शिष्ट ठरेन.

ठराल, थोड्याशा. पण हा हिशेब बघा. अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. कुणीतरी करायलाच हवं, पण करणाऱ्याला बढतीत उपयोग नाही, अशा कामाला कोण पुढे येतं? मिश्र गटांत स्त्रिया पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त वेळा पुढे आल्या. गंमत म्हणजे नुसत्या पुरुषांच्या गटात पुरुष बिनबोभाट पुढे येत होते! म्हणजे हा काही बायकांचा सेवाभावी स्वभाव नव्हे. ‘ती करेल’ हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं, आपणही.

तेव्हा ‘कोण करणार?’ विचारल्यावर जी अवघड शांतता पसरते, ती सोसायला शिका. वहीत बघत बसा, कुणीतरी बोलेलच. टिपणांबद्दल म्हणा, ‘या महिन्यात मी घेतली, आता पाळी लावू या.’ नव्यांना शिकवणं मात्र सोडू नका. ते कसबाचं काम आहे, फक्त ते वर्षाच्या उद्दिष्टांत लेखी घालून घ्या.

प्रश्न : अप्रेझलमध्ये स्वतःची टिमकी वाजवणं जमत नाही.

न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत. पण टिमकी कशाला, नोंद ठेवा. दर शुक्रवारी पाच मिनिटं, वहीत दोन ओळी. ‘मी मेहनती आहे’ असं नको. ‘तक्रार निकाली काढायला चार दिवस लागायचे, आता दीड लागतो’ असं. आणि ही नोंद फॉर्म येण्याच्या दोन महिने आधीच वरिष्ठांपुढे ठेवा. फॉर्म हातात पडेपर्यंत त्यांचं मत बहुतेक बनलेलं असतं.