गोधडी एकटीनं शिकावी की चौघींत बसून?

प्रश्न असा आहे: "नाशिकहून नोकरीसाठी पुण्यात आले आहे. आजीच्या सुती साड्या जपून ठेवल्यात, त्यांची गोधडी शिवायची आहे. व्हिडिओ बघून एकटीनं शिकता येईल का, की एखादा गट शोधू? गटात काम कमी आणि गप्पाच जास्त होतात असं ऐकलंय. पुढे विकून थोडे पैसे मिळतील का?"

गट शोधा. गप्पांचं जे ऐकलंय ते लांबून बघणाऱ्या कुणीतरी सांगितलेलं आहे. अगदी हेच वाक्य माझी धाकटी जाऊ माझ्या तोंडावर बोलली होती. ते अजून मनातून गेलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

धावदोरा कुणालाही येतो. व्हिडिओत तोच दाखवतात, आणि बघणारीला वाटतं की गोधडी म्हणजे एवढंच. खरं कसब थर अंथरण्यात आहे. एका नऊवारीच्या साडेसहा फुटी चार पट्ट्या निघतात. त्या एकावर एक पसरल्या की वरचा थर ताठ दिसतो, पण मधला गोळा होतो आणि खालचा सरकतो. चार बाजूंना चार बायका बसल्या की त्यांच्या मांड्यांखाली कापड दाबलेलं राहतं, जी ती आपल्याकडे ताण धरते, आणि थर जागचे हलत नाहीत. एकटी बाई एका कडेला बसली की समोरची कड मोकळी. मग मध्यावर फुगा येतो. फुगा राहिलेली गोधडी दोन धुण्यांत चोळामोळा होते आणि लहान पोराच्या अंगाखाली टोचते. बायका गोधडीभोवती बसतात त्या आधी या कारणासाठी.

माझं सांगायचं तर मी १९९४ साली लग्न होऊन साताऱ्याकडच्या गावातून चिंचवडला आले. दोन खोल्या, हे कंपनीत पाळीवर, आणि आख्ख्या इमारतीत मला नावानं हाक मारणारं कुणी नाही. पहिली पाळी असली की पहाटे चारला उठून डबा, दुसरी असली की रात्री बारापर्यंत जेवणासाठी जागं राहायचं. दुपार मात्र रिकामी. आईनं ट्रंकेत घातलेली वाकळ, म्हणजे आमच्याकडची गोधडी, मी एकदा कठड्यावर उन्हाला टाकली. शेजारी विजापूरकडच्या एक काकू राहायच्या, त्यांना मराठी अर्धीमुर्धी यायची. त्या आल्या, वाकळ उचलली आणि सरळ उलटी करून मागची बाजू बघायला लागल्या. वरून कुणीही बघतं. उलट्या बाजूला गाठी कुठं दडवल्यात, टाका सगळ्या थरांतून आरपार गेलाय की वरच्यावर, ते शिवणारी बघते. "कुणी घातली?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी त्या आपली कौदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, घेऊन आल्या.

आमची पद्धत वेगळी, त्यांची वेगळी. माझ्या आईकडं आधी आख्खी वाकळ कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायची आणि मग एका कडेपासून ओळी घालत जायच्या. काकू काठापासून सुरू करायच्या, चारी बाजूंनी फिरत आत आत यायच्या, आणि ठिगळं शिवता शिवताच बसवायच्या. अगदी मध्ये शेवटचं हातभर पोट उरलं की त्यात भाकरीचा छोटा तुकडा सारून मग ते बंद करायच्या. पोट रिकामं ठेवू नये म्हणायच्या. मी त्यांच्याकडून कड दुमडायला शिकले, त्या माझ्याकडून गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायला शिकल्या. इरकली साडीचा काठ गोटाला लावावा तो त्यांनीच, इतका देखणा लागायचा.

पुढं बीडच्या एक जणी आल्या, मग जळगावच्या ताई आल्या. जिन्याखाली मोकळी जागा होती तिथं आमचं बसणं ठरलं. दुपारची भांडी झाली की बसायचं ते पोरं शाळेतून येईपर्यंत. चैत्र-वैशाखात सकाळी गच्चीवर कुरडया-पापड आणि दुपारी खाली गोधडी. पावसाळ्यात काम बंद, कारण दमट कापड शिवलं की आत वास धरतो आणि ओली गोधडी वाळता वाळत नाही. सुई जाड, दोरा सुती, मेणावरून ओढलेला, मधल्या बोटाला अंगुस्तान. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. याहून जास्त साहित्य लागत नाही. बाजारात तयार किट मिळतात ती घेऊ नका. नव्या कापडाचे कापलेले चौकोन जोडून जे होतं ते पहिल्या धुण्यात आकसतं.

आता गप्पांचं. चौघी चार बाजूंनी आत येत असल्या तर कोपऱ्यावर ओळी जुळाव्या लागतात. एकीची बाजू मागं पडली की तिच्या डाव्या-उजव्या दोघी अडकतात आणि आख्खी गोधडी थांबते. एका उन्हाळ्यात जळगावच्या ताईंची बाजू रोज मागं पडायला लागली. हात त्यांचा चांगला होता, पण टाके लांब आणि सैल येत होते. त्या काही बोलत नव्हत्या. शेवटी बीडवालीनं टाका उसवून दाखवला आणि विचारलं, "ताई, झोप होत नाही का?" तेव्हा कळलं की त्यांच्या घरी काही महिने पगारच नव्हता. कंपनी बंद पडली होती, आणि ताई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फॉल-पिकोची कामं करत होत्या. शेजारच्या दारात हे कुणाला माहीत नव्हतं. दाराला दार लागून राहणाऱ्यांना कळलं नाही ते ओळीनं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बीडवाली त्यांच्या बाजूला सरकून बसली आणि दोन्ही बाजू मिळून ओढायला लागली. लोकांच्या गोधड्या शिवून शिलाईचे पैसे आले ते तरीही सारखेच वाटले. काकूंच्या ओळखीनं ताईंना पुढं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम मिळालं. या सगळ्याला कुणी गप्पा म्हणत असेल तर म्हणू दे.

माझी धाकटी जाऊ नंतर राहायला आली आणि आमच्यात बसू लागली. तिचा हात फार जलद, टाका मोजून घातल्यासारखा. कौतुकच होतं. २००९च्या सुमारास शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या बाई आल्या, गोधड्या बघितल्या, नमुना मागितला. आम्ही चौघींनी मिळून जिवापाड शिवून दिला. तो परत आला. म्हणाल्या, "एकाच गोधडीत चार प्रकारचे टाके दिसतात, गिऱ्हाइकाला माल खराब वाटतो. एकीनं एकच शिवायची, घरी बसून, म्हणजे टाका एकसारखा येईल. पैसेही जिचे तिला."

धाकटीला हे पटलं. तिचं म्हणणं आधीपासून तेच होतं. एका गोधडीची शिलाई तेव्हा चारशे यायची, म्हणजे प्रत्येकीला शंभर. "माझ्या दोन ओळी होतात तेव्हा हिची एक होते, मग पैसे सारखे का? एकत्र बसून काम कमी आणि गप्पाच जास्त होतात." हे ती सगळ्यांसमोर म्हणाली, जळगावच्या ताई समोर असताना. ताईंनी मान खाली घातली आणि शिवत राहिल्या. मी तेव्हा काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. धाकटी ऑर्डर घेऊन वर गेली, तिच्यामागं आणखी दोघी गेल्या. आमचं बसणं मोडता मोडता राहिलं.

तिची ऑर्डर दोन हंगाम चालली. मग त्या दुकानानं यंत्रावर शिवलेला माल घ्यायला सुरुवात केली, आत पॉलिस्टरचा कापूस भरलेला. यात नवल नाही. हाताचा टाका यंत्रासारखा हवा असेल तर शेवटी यंत्रच स्वस्त पडतं. जाऊ आजही म्हणते की सगळ्या गेल्या असत्या तर दुकान टिकलं असतं. मी म्हणते, सगळ्या एकदमच रिकाम्या झाल्या असत्या. जिन्याखाली बसणाऱ्या आम्ही त्यानंतरही शिवत राहिलो, कारण आमचं गिऱ्हाईक साडी घेऊन येणारं होतं: कुणाची आई गेलेली, कुणाच्या लेकीचं बाळंतपण. आपल्या आईच्या साडीवर किती जणींचे टाके आहेत हे कुणी मोजत बसत नाही. उलट विचारतात, "कुणी कुणी शिवली?"

माझ्या लेकीनं मला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या गीज बेंडच्या गोधड्या दाखवल्या. कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांची वस्ती. त्या भागातल्या बायकांनी १९६६ मध्ये फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. ब्लूमिंगडेल्ससारख्या दुकानांची कामं आली, पुढं सीअर्ससाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवले. पैसा आला, तो त्यांना फार गरजेचा होता, पण दुकानाला एकसारखा माल लागायचा, आणि मनाप्रमाणे ठिगळ लावायची सवय असलेल्या हातांना मापात राहावं लागलं. मग २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर ज्या टांगल्या गेल्या, त्या बहुतेक घरच्या माणसांच्या पांघरुणासाठी शिवलेल्या होत्या, कितीतरी जुन्या कामाच्या कपड्यांतून. वाकड्या पट्ट्या, कमीजास्त रुंदी, शिवणारीची ओळख तिच्या चुकार रेषेत. मी ती चित्रं जावेला पाठवली. तिनं अंगठा पाठवला, बाकी काही नाही.

तेवढंच सांगून थांबले तर अर्धं सांगितल्यासारखं होईल. गीज बेंडमध्ये वरचा ठिगळांचा थर बाई बहुधा आपल्या घरी एकटीच जोडायची, आणि थर एकत्र शिवायला बायका जमायच्या. तुम्हालाही तेच सांगेन. कुठला तुकडा कुठं, आजीच्या कुठल्या साडीशेजारी कुठली, हे तुम्ही रात्री एकटीनं ठरवा आणि जोडा. त्यात चौघींची मतं घेऊ नका, भांडणं होतात. थर अंथरायला आणि टाके घालायला मात्र माणसं हवीत.

आणि हो, एकटीनं मोठी गोधडी होतच नाही असंही नाही. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, काठापासून सुरू करून गोल फिरत मध्याकडं, आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची 'फुलं' लावतात. एकटी बाई ती पूर्ण करू शकते, कारण ती स्वतःच कापडाभोवती फिरते. तुम्हाला गट सापडेपर्यंत ही पद्धत धरा. नाहीतर बाळाचं दुपटं शिवा. ते मांडीवर मावतं, त्याला कुणाची गरज नाही.

गट कुठं सापडेल: मे महिन्यात जुन्या इमारतींच्या गच्च्या आणि कठडे बघत फिरा. हातानं शिवलेली गोधडी वाळत दिसली की खाली जाऊन विचारा. गोधडीबद्दल विचारलेलं कुणालाही आवडतं. धुणीभांडी, स्वयंपाक करायला येणाऱ्या मावशींना विचारा, त्यांच्यात शिवणाऱ्या हमखास असतात. डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा भरते, तिथं बचत गटांच्या गाळ्यांवर गोधड्या असतात. विकत घेऊ नका, शिवणारीशी बोला. जाताना आपली एखादी गोधडी घेऊन जा, कितीही कच्ची असली तरी. उलटी करून बघणारी जी भेटेल तिच्याशेजारी बसा.

पैशाचं थोडक्यात: नोकरी सोडू नका. हाताच्या गोधडीला लागणारा वेळ आणि मिळणारी शिलाई यांचा मेळ कधी बसत नाही. दुसऱ्यांच्या साड्या घेऊन फक्त शिलाईचे पैसे घ्या, माल स्वतः घालू नका.

आजीच्या साड्या गरम पाण्यातून काढा म्हणजे खळ जाईल, विरलेला भाग आतल्या थराला घ्या, धडका भाग वर. पॉलिस्टर एकही नको: सुई घसरते, घाम शोषत नाही. रेशमी साडी असली तर कापू नका, नेसा.

आणि गट जमला की वाटणी पहिल्याच दिवशी ठरवा: गोधडीमागे सारखी. हाताच्या वेगावर पैसे मागणारी कुणी असेल तर तिला दुपट्यांची कामं द्या. ती एकटीनं होतात.