आकडा कुठून आणायचा?

प्रिय स्पर्धकास,
सप्रेम नमस्कार.

वक्तृत्व स्पर्धेतल्या तुझ्या भाषणाचा विषय बालविवाह आणि वेळ सात मिनिटं. म्हणजे सातशे-आठशे शब्द. त्यात तीन आकडे पुरेत. चौथ्याला श्रोते कंटाळतात.

पहिला आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतून (२०१९-२१) घे. राज्याचं तथ्यपत्रक नेटवर फुकट मिळतं. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांआधी लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के, देशात २३.३. ही ओळ दोनदा वाच. हा त्या वर्षातल्या लग्नांचा आकडा नव्हे. चोविशीतल्या बाईचं लग्न सोळाव्या वर्षी झालं असेल, तर त्याला आठ वर्षं उलटलेली असतात. त्यामुळे 'कोरोनात बालविवाह वाढले' हे यावरून सिद्ध होत नाही, आणि टाळ्या नेमक्या त्याच वाक्याला मिळतात! आधीच्या फेरीत (२०१५-१६) राज्याचं प्रमाण २६.३ होतं. म्हणजे घट आहे. ती लपवू नकोस. 'घटूनही पाचात एकीहून जास्त' हे जास्त बोचतं.

दुसऱ्या आकड्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे मोहात पाडतील. बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली देशभरात २०१९ मध्ये ५२३ गुन्हे, २०२० मध्ये ७८५. दीडपट! पण ही पोलिसांत नोंदलेली प्रकरणं. लोक जास्त तक्रारी करू लागले तरी हा आकडा फुगतो. तो वापरायचाच तर 'इतकी लग्नं होतात आणि गुन्हे मात्र एवढेच' असा वापर.

तिसरा आकडा श्रोत्यांच्या जिल्ह्याचा हवा. त्याच सर्वेक्षणात जिल्हावार पत्रकं आहेत. परभणीत हे प्रमाण त्या फेरीत ४८ टक्के होतं. तिथल्या सभागृहात राज्याची सरासरी सांगत बसणं म्हणजे हातचा मुद्दा घालवणं.

वर्तमानपत्रातून प्रसंग घे, आकडा नको. 'एका अहवालानुसार' दिसलं की तो अहवाल उघड. नाव सापडलं नाही तर सोडून दे. व्हॉट्सॲपवरच्या तयार भाषणांबद्दल न बोललेलंच बरं. खेड्यात ग्रामसेवक (२०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला भेट आणि लग्न कोणत्या टप्प्यावर थांबवता येतं ते विचार. मुलीचं वय कशावरून ठरवतात, शाळेच्या दाखल्यावरून की आणखी कशावरून, हेही विचारून घे. असला तपशील अहवालात सापडत नाही.

प्रत्येक आकड्याची वेगळी चिठ्ठी कर: आकडा, कोणाचा, कोणत्या वर्षाचा, कुठल्या पानावर. प्रश्नोत्तरांच्या वेळी ती हाताशी ठेव.

तुझा,
एक मार्गदर्शक