बेसबॉलमधला आजवरचा सर्वोत्तम पिचर (चेंडू टाकणारा) कोण? प्रत्येक यादीत वेगळंच नाव का असतं?

माझं उत्तर पेड्रो मार्टिनेझ. मी बॉस्टनजवळ राहतो आणि तो बॉस्टन रेड सॉक्सकडून खेळलेला, तेव्हा पक्षपाताचा आरोप आधीच मान्य. पण कारणं ऐकून घ्या.

याद्या जुळत नाहीत, कारण 'सर्वोत्तम' म्हणताना कुणी वीस वर्षांची कारकीर्द मोजतो, तर कुणी त्या खेळाडूची सगळ्यात भरातली दोन-तीन वर्षं. शिवाय विजयांचा आकडा सगळ्यांना भुलवतो. साय यंगच्या नावावर ५११ विजय आहेत. पिचरांचा सर्वोच्च पुरस्कार त्याच्याच नावाने देतात, आणि हा विक्रम कधी मोडेल असं मला वाटत नाही. पण तो १८९० ते १९११ या काळात खेळला. तेव्हा पिचरने सुरुवात केली की शेवटपर्यंत त्यानेच टाकायचं, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभं राहायचं. आजच्या स्टार्टरची, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पिचरची, पाळी साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी येते आणि सीझनभरात त्याला तीसेक मॅच मिळतात. त्याने ५११ कुठून आणायचे?

बरं, पिचरच्या खात्यावर विजय लागायचा तर आपल्या बॅटरनीही धावा करायला हव्यात. १९८७ साली नोलान रायनचा ईआरए, म्हणजे दिलेल्या धावांची सरासरी, २.७६ होता, नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगचे दोन भाग, नॅशनल आणि अमेरिकन) सगळ्यात कमी. स्ट्राइकआउटही (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) सगळ्यात जास्त, २७०. आणि त्याचे विजय ८, पराभव १६! आता पुरस्काराच्या मतदारांनाही हे उमगलंय. २०२५ मध्ये पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सला १० विजय आणि १० पराभव असूनही साय यंग पुरस्कार मिळाला, तोही एकमताने.

ईआरए म्हणजे पिचरने दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा. फील्डरच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यात धरत नाहीत. जितका कमी तितका चांगला. क्रिकेटमधल्या बोलिंग अॅव्हरेजसारखाच तो वाचायचा, पण त्या वर्षी बाकीचे काय करत होते हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

१९६८ साली सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने १.१२ चा ईआरए राखला. आकडा अचाटच. पण ते सगळं वर्षच पिचरांचं होतं. नॅशनल लीगचा सरासरी ईआरए २.९९ होता, आणि अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्त्रेम्स्की फक्त .३०१ च्या बॅटिंग सरासरीवर, म्हणजे दहापैकी जेमतेम तीन वेळा हिट (बेसवर पोचवणारा फटका) मारून, पहिला आला. शेवटी पुढच्या वर्षी नियमच बदलले, माउंडची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली.

आता २००० सालचा पेड्रो बघा. ईआरए १.७४, आणि लीगची सरासरी ४.९१! अमेरिकन लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर रॉजर क्लेमेन्स होता, ३.७०. म्हणजे पहिला आणि दुसरा यांच्यात जवळजवळ दोन धावांचं अंतर. हा होम रनच्या (क्रिकेटमधल्या सिक्सरसारख्या फटक्यांच्या) पुराचा काळ, ज्यातले बरेच दंड स्टेरॉइड्सवर पोसलेले होते हे पुढे उघड झालं. गिब्सनसमोर नवव्या क्रमांकावर समोरचा पिचर बॅट घेऊन यायचा, म्हणजे बहुधा फुकटची विकेट. पेड्रोसमोर पिचरऐवजी खास बॅटिंगसाठी ठेवलेला धिप्पाड माणूस यायचा.

आणि हा पेड्रो जेमतेम पाच फूट अकरा इंच, अंगाने बारीक. हा टिकायचा नाही असं वाटून लॉस एंजेलिस डॉजर्सनी १९९३ मध्ये त्याला मॉन्ट्रियलला देऊन टाकलं होतं. १९९९ च्या ऑल स्टार मॅचमध्ये (दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंची लढत) त्याने पहिल्या सहापैकी पाच बॅटरना स्ट्राइकआउट केलं. त्यात सॅमी सोसा आणि मार्क मॅग्वायर होते, आदल्या वर्षी ६६ आणि ७० होम रन मारलेले. त्याच वर्षी क्लीव्हलंडविरुद्धच्या निर्णायक मॅचमध्ये स्कोअर ८-८ असताना तो दुखऱ्या पाठीने आत आला आणि सहा इनिंगमध्ये एकही हिट दिली नाही.

विरोधी बाजूही कच्ची नाही. गिब्सनने त्या वर्षी ३०० च्या वर इनिंग टाकल्या, पेड्रोने २१७. ग्रेग मॅडक्सचे १९९४ आणि १९९५ चे ईआरए तर १.५६ आणि १.६३, तेही लीगची सरासरी चारच्या वर असताना. खेळाडूंच्या संपामुळे ते दोन्ही सीझन अपुरे राहिले, नाहीतर माझी पंचाईत झाली असती. दीर्घ कारकीर्द धरायची तर मी वॉल्टर जॉन्सनपुढे हात जोडतो. वॉशिंग्टनच्या बऱ्याचदा रडतखडत चालणाऱ्या टीमकडून ४१७ विजय आणि ११० शटआउट (पूर्ण मॅच टाकून एकही धाव न देणं). डावखुऱ्यांत रँडी जॉन्सन. पस्तिशी उलटल्यावर त्याने सलग चार साय यंग पुरस्कार घेतले. सँडी कोफॅक्स कुणाच्याही यादीत असतोच, पण कोपराच्या दुखण्याने तो तिसाव्या वर्षीच निवृत्त झाला.

क्लेमेन्सचं काय करायचं हे ज्याने त्याने ठरवावं. सात साय यंग पुरस्कार, पण स्टेरॉइड्सच्या वापरावरच्या २००७ च्या मिचेल अहवालात नाव आलं. त्याने आरोप नाकारले, २०१२ मध्ये खोट्या साक्षीच्या खटल्यातून तो निर्दोष सुटला, तरी पत्रकारांच्या मतदानाने त्याला हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत) घेतलं नाही. मी त्याला यादीत धरतो, फक्त वर नाही.

एक नाव मात्र बहुतेक याद्या चोरून खाली ढकलतात, सॅचेल पेज. कृष्णवर्णीयांना मेजर लीगचे दरवाजे बंद असल्यामुळे त्याची उमेदीची वर्षं नीग्रो लीगमध्ये गेली. १९४८ मध्ये तो मेजर लीगमध्ये आला तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. १९६५ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, त्याने तीन इनिंग टाकल्या आणि एकच हिट दिली. वॉल्टर जॉन्सनचे आकडे फक्त गोऱ्या बॅटरविरुद्धचे आहेत, हे त्याला पहिला क्रमांक देणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं.

आत्ता बघायचंच असेल तर स्कीन्स आणि डेट्रॉइटकडून २०२४ आणि २०२५ असे सलग दोन साय यंग पुरस्कार मिळवलेला डावखुरा तारिक स्कूबल. आज कोण पिच करणार ते आधी तपासा, दोघंही रोज टाकत नाहीत. आणि अमेरिकेतली संध्याकाळची मॅच तुमच्याकडे पहाटे चारच्या सुमारास सुरू होते, तेव्हा गजर लावून झोपा.