गूळ-साखर सोडल्याने मेंदूतील गाठ उपाशी मरते का?

प्रश्न : माझ्या थोरल्या भावांना ग्लायोब्लास्टोमा (मेंदूतील कर्करोगाची गाठ) आहे. गूळ-साखर बंद केल्यास गाठ मरेल, असे नातेवाईक म्हणतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही. या गाठीतील अनेक पेशींमध्ये ईजीएफआर या प्रथिनाचा वाढीचा संदेश सतत चालू राहतो आणि तो पेशीला भरमसाट ग्लुकोज ओढायला, प्राणवायू असतानाही त्याचे लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवट मोडून उरणारे द्रव्य) करायला लावतो. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी कर्करोगाची ही खोड १९२०च्या दशकातच नोंदवली होती. साचलेल्या लॅक्टेटने भोवताल आम्लधर्मी होतो, टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) निस्तेज होतात आणि गाठ प्रतिकारशक्तीच्या तावडीतून निसटते. मात्र गोड सोडले तरी यकृत रक्तातील ग्लुकोज टिकवतेच, शिवाय गाठ ग्लुटामिन हे अमिनो आम्लही (प्रथिनांचा एक घटक) वापरते. भावांना कृपया उपाशी ठेवू नका. स्टिरॉइडमुळे रक्तातील साखर वाढत असल्यास पथ्य डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.